पंचनाम्यावरची पहिली सही

वाचकाचं पत्र, थोडक्यात

कोल्हापुरातल्या एका प्राध्यापिकेचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

त्या गुन्हेगारीशास्त्राच्या पदविका वर्गाला व्यावसायिक नीतिमत्ता हा विषय शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी एका पोलीस भरती अकॅडमीत तास घेतात. मुलंमुली बहुतेक कागल, राधानगरी, गारगोटी, शाहूवाडीकडची. बऱ्याच जणांना खाकी घालायची आहे. काहींना सरकारी वकील व्हायचंय, एक-दोघांना फॉरेन्सिक लॅबमध्ये जायचंय. कोठडीतल्या मारहाणीवर तास चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, हे पेपरात लिहायला बरं हाय. माझा चुलतभाऊ पोलिसात हाय. दोन दणके दिल्याशिवाय चोर बोलतोय व्हय?" वर्गाने बाकं वाजवली. बाईंना काही सुचलं नाही, त्यांनी पुढचा मुद्दा घेतला.

त्यानंतर काही दिवसांनी एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. तो नव्यानेच पोलीस शिपाई झालाय. टायपिंग येतं म्हणून त्याला ठाण्यातच बसून घटनास्थळाचा पंचनामा टाईप करायला सांगितला. वेळ दोन तास आधीची, आणि हजर म्हणून त्याचंही नाव. "मॅडम, तुम्ही शिकवलं तसं वागलो तर साहेब मला मुख्यालयात पाठवतील. काय करू?" बाईंकडे उत्तर नव्हतं. विभागप्रमुख म्हणतात, नैतिकतेचं एवढं काय घेऊन बसलात, साच्यातली उत्तरं द्या आणि मार्क मिळवून द्या.

त्या विचारतात: मी मुलांना खोटं जग शिकवते आहे का? माझ्या शिकवण्यामुळे त्यांची नोकरी धोक्यात येणार असेल तर हा विषय मी सोडून द्यावा का?

उत्तर

प्रिय ताई,

आधी त्या मागच्या बाकावरच्या मुलाबद्दल बोलू. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त राग त्याच्यावर आहे, आणि माझ्या मते तुमच्या वर्गातला तोच सगळ्यात उपयोगी मुलगा आहे. बाकीची मुलं वहीत 'मानवी हक्कांचे रक्षण' असं सुवाच्य अक्षरात लिहून घेतात आणि मनात त्याचंच म्हणणं बाळगतात. त्याने ते मोठ्याने बोलून दाखवलं. तो तुमच्या विरुद्ध बोलला असं तुम्ही धरलंय. खरं तर त्याला जे माहीत आहे ते त्याने सांगितलं, आणि त्याला ते सांगणारा माणूस रोज ठाण्यात जातो. तुम्ही जात नाही. त्याच्या लेखी चुलतभावाचा शब्द पुस्तकापेक्षा जड असणारच.

आणि बाकं वाजवणारा फक्त वर्ग नव्हता. घरात चोरी झाली की आपणच ठाण्यात जाऊन म्हणतो, "साहेब, दोन ठेवून द्या त्याला, लगेच बोलेल." चकमकीत कुणी मारला गेला की पेढे वाटले जातात, व्हॉट्सअ‍ॅपवर साहेबांचे फोटो फिरतात. ही मुलं त्याच घरांतून आली आहेत. तेव्हा तुमचा वाद एका मुलाशी आहे असं समजू नका. तो आपल्या सगळ्यांशी आहे, म्हणून तो एका तासात मिटणार नाही.

पण त्याचं म्हणणं टाळूही नका. पुढच्या तासाला त्यालाच उभं करा आणि विचारा, चोर बोलतो म्हणजे नेमकं काय होतं? तो काय बोलतो, कुणापुढे, आणि त्या बोलण्याचं पुढे कोर्टात काय होतं? इथे तुम्हाला कायद्याचा आधार आहे आणि तो मुलांना फारसा कुणी नीट उलगडून सांगत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात तसं होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तेच आहे. दणके देऊन मिळवलेला जबाब न्यायाधीश वाचणारच नाहीत.

इथे तो मुलगा हुशार असेल तर म्हणेल, "पण मॅडम, रिकव्हरी?" त्याचं बरोबर आहे, हे आधी मान्य करा. आरोपीने दिलेल्या माहितीवरून चोरीचा माल सापडला तर तेवढा भाग कोर्टात येतो. 'रिकव्हरी किती झाली, डिटेक्शन किती' हा प्रश्न आढावा बैठकीत वरून येतो तेव्हा दबाव खाली उतरत उतरत डीबी पथकातल्या (ठाण्यातल्या गुन्हे शोध पथकातल्या) शिपायापर्यंत पोचतो. मारहाणीतून कधीकधी खरंच सोनं सापडतं. कधीच सापडत नाही असं तुम्ही शिकवलंत, तर चुलतभाऊ एका वाक्यात तुम्हाला खोटं ठरवेल आणि मग तुमचं पुढचं खरंही कुणी ऐकणार नाही.

त्याला त्याऐवजी कायद्याचं पुस्तक उघडून दाखवा. कबुलीसाठी किंवा माल काढून घेण्यासाठी मारहाण करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १२०. साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा, गंभीर दुखापतीला दहा. पण खरी वाचण्यासारखी गोष्ट कलमाखालची उदाहरणं आहेत. पहिल्या उदाहरणात एक पोलीस अधिकारी कबुलीसाठी एकाचा छळ करतो. दुसऱ्यात पोलीस अधिकारी चोरीचा माल कुठे ठेवलाय हे दाखवावं म्हणून छळ करतो. ही उदाहरणं आजची नाहीत. ती १८६० च्या दंड संहितेतून जशीच्या तशी आली आहेत. इंग्रज सरकारला रयतेचा कळवळा होता असं कुणी म्हणणार नाही. तरीही कायदा लिहिणाऱ्यांना नमुन्याचा आरोपी म्हणून पोलीसच आठवला, आणि कारण म्हणून रिकव्हरीच आठवली. ही दोन उदाहरणं त्या मुलालाच वर्गात मोठ्याने वाचायला सांगा. वाचून झाल्यावर लगेच काही बोलू नका, मुलांना बोलू द्या.

यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: दणके कुणाला बसतात? साखर कारखान्याच्या संचालकाच्या मुलाला संशयावरून उचलून दणके दिल्याचं तुमच्या वर्गात कुणी ऐकलंय का? गावात चोरी झाली की पहिल्यांदा कुणाच्या पालावर गाडी जाते? कोल्हापुरात हा प्रश्न विचारायला तुम्हाला लांबचं उदाहरण शोधावं लागत नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यायला लावलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात ती हजेरी बंद केली आणि त्यातल्या लोकांना नोकऱ्या दिल्या, पहाऱ्याच्या कामावरसुद्धा ठेवलं. बाकी देशात तो कायदा जायला १९५२ उजाडलं. तुमची मुलं २६ जूनला शाहू जयंतीच्या मिरवणुकीत असतात, १९०२ चं आरक्षण त्यांना तोंडपाठ आहे. हजेरीचं मात्र क्वचितच कुणी सांगितलेलं असतं. ज्याला सगळे चोर म्हणतात त्याच्या हातात आपल्या घराचा पहारा देणं, हा पोलीसकामातल्या नीतिमत्तेचा धडा आहे आणि तो आपल्याच मातीतला आहे. तो सांगताना आवाज चढवायची गरज पडणार नाही.

दुसरा धडा शेजारच्या जिल्ह्यातला आहे आणि तो सांगणं जड जातं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत लुटीच्या गुन्ह्यात पकडलेल्या एका तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. आरोपी पळून गेला, असं आधी सांगण्यात आलं. नंतर मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचं पुढे आलं, आणि एका उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली. तुमच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना ही घटना ऐकून माहीत असेल. 'हे चूक की बरोबर' असं मात्र त्यांना विचारू नका, चूक आहे हे सगळेच म्हणतील. विचारा, रात्री एखाद्या ठाण्यात कोण कोण ड्युटीवर असतं? ठाणे अंमलदार, लॉकअप गार्ड, वायरलेसवर बसलेला, गाडीचा ड्रायव्हर. पहिला हात उचलला गेल्यापासून गोष्ट पार हाताबाहेर जाईपर्यंत यांतल्या प्रत्येकाला 'थांबा' म्हणायची संधी कुठे कुठे असते? फळ्यावर एक रेघ मारा आणि मुलांना त्या जागा दाखवायला सांगा. पहिल्या जागेवर थांबवायला एक वाक्य पुरतं. प्रत्येक पुढच्या जागेवर त्याची किंमत वाढत जाते, कारण आता आधीचंही लपवायचं असतं.

इथे मुलं म्हणतील, आपल्याच माणसाला कसं अडवायचं, ते दगाबाजी होईल. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या पोलीस दलाने २०१६ पासून नेमकं हेच शिकवायला सुरुवात केली: सहकाऱ्याचा तोल जाताना दिसला की त्याला हाताला धरून बाजूला घ्यायचं, आणि हे त्याची नोकरी वाचवण्यासाठी करायचं. दोस्तीसाठी जीव टाकणाऱ्या आपल्या पोरांना ही भाषा लगेच कळेल. जो मित्र तुला रागाच्या भरात हात उचलू देतो तो मित्र, की जो "साहेब, तुम्ही चहा घेऊन या, मी बसतो याच्यापाशी" म्हणून तुला खोलीबाहेर काढतो तो?

आता तुमच्या माजी विद्यार्थ्याकडे वळते. त्याचा प्रश्न तातडीचा आहे.

तुम्ही धरून चाललाय की त्याच्यापुढे दोनच वाटा आहेत, साहेबांचं ऐकायचं नाहीतर बंड करायचं. त्यानेही तेच धरलंय. दोघांनीही आधी हे लक्षात घ्या की असा पंचनामा साहेबांच्याही फायद्याचा नसतो. मी वकिलीच्या काळात पंचाची उलटतपासणी पुष्कळदा ऐकली आहे. बचावाचा वकील फार काही करत नाही. शांतपणे विचारतो, "पंचनामा कुठे लिहिला?" पंच साहेबांकडे बघतो. "सही कुठे केलीत?" "चौकीत." "वाचून दाखवला होता का?" "नाही." "याआधी किती केसमध्ये पंच होतात?" तेवढ्यात मागच्या बाकावर बसलेल्या तपासी अंमलदाराची मान खाली गेलेली असते. पंच फितूर झाला, असं दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात. पंच पुष्कळदा फितूर झालेला नसतोच. तो पहिल्यांदा खरं बोललेला असतो. आणि खरा चोर सुटून जातो, कारण खऱ्या चोरीला खोटा कागद जोडला होता.

त्यात आता भर पडली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, मोबाईलवर केलं तरी चालतं, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. त्याच्या त्या दिवसाच्या घटनास्थळ पंचनाम्याला हे कलम लागू होतं की नाही, हा वेगळा मुद्दा. पण ठाण्यात बसून दोन तास मागची वेळ टाकायची सवय आता चालणारी नाही, हे ठाण्यातल्या जुन्या माणसांनाही कळतंय. कुठला मोबाईल कुठे होता, व्हिडिओवर वेळ काय आली, हे बचावाचा वकील पहिल्याच दिवशी मागतो. शिवाय लोकसेवकाने कुणाला वाचवायला किंवा कुणाचं नुकसान करायला जाणूनबुजून खोटी नोंद केली तर भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि 'वरिष्ठांनी सांगितलं होतं' म्हणून ती माफ होत नाही. हजर म्हणून नाव त्याचं आहे, उद्या साक्षीला समन्स त्याला येईल. साहेबांची बदली तोवर गडहिंग्लजला किंवा मुंबईला झालेली असेल.

म्हणून त्याला 'नाही म्हण' एवढंच सांगू नका. कसं म्हणायचं ते सांगा. नव्या शिपायाच्या तोंडी शोभेल, साहेबांचा मान राहील आणि खोटंही लिहावं लागणार नाही, असं वाक्य त्याच्यासोबत बसून तयार करा. "साहेब, पंचांना घेऊन स्पॉटवर जाऊन येतो, अर्ध्या तासात करून आणतो. उद्या कोर्टात तुमच्यावरच येईल." किंवा "साहेब, टाईप करून देतो, पण मी तिथं नव्हतो, माझं नाव घालू नका." किंवा नुसतं, "साहेब, वेळ आत्ताची टाकू का? उशीर का झाला ते कारण लिहितो." हे तिसरं वाक्य मला सगळ्यात जास्त आवडतं. उशिरा केलेला खरा पंचनामा कोर्टात टिकू शकतो. उशिराचं कारण लिहिता येतं. पुष्कळदा वरिष्ठांना खोटंच हवं असतं असं नाही. त्यांना काम उरकायचं असतं, आणि खरं काम उरकून देणारा माणूस समोर आला तर ते हुश्श करतात.

नेहमी असं होणार नाही. एखादा साहेब चिडेल. मुख्यालयात बदली, सणासुदीला बंदोबस्त, कसुरी अहवाल, रजा नामंजूर, हे सगळं होतं आणि मुलांपासून ते लपवू नये. घरातली पहिली सरकारी नोकरी, अकॅडमीच्या फीसाठी वडिलांनी ऊसबिलावर काढलेले पैसे, बहिणीचं लग्न. या मुलाकडून हौतात्म्य मागण्याचा अधिकार तुम्हालाही नाही आणि मलाही. पण बदली झालेला शिपाई शिपाईच राहतो, पगार चालू राहतो. खोट्या नोंदीत किंवा कोठडीच्या गुन्ह्यात अडकलेला शिपाई निलंबित होतो, घर विकून वकील करतो. तुमच्या शिकवण्यामुळे नोकरी जाईल ही भीती तुम्ही मनात धरलीये. ती जरा उलटी करून बघा. या नोकरीत माणूस कशामुळे कायमचा बुडतो हे त्याला वेळेत कळलं, तर त्यात तुमच्या तासाचा वाटा असू शकतो.

त्याला दोन याद्या मनात करायला सांगा. एक, काय सहन करायचं: साहेबांचा आवाज, रात्रपाळ्या, न मिळालेली रजा, घरची कामं सांगणं. यातल्या प्रत्येक गोष्टीवर लढायला गेला तर खऱ्या लढाईला ताकद उरणार नाही. दुसरी यादी फार छोटी आहे आणि तिच्यात सवलत नाही: ताब्यातल्या माणसावर हात टाकायचा नाही, आणि जे पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही. ही छोटी यादी नोकरीच्या पहिल्या महिन्यात ठरलेली असावी. पाचव्या वर्षी ठरवायला बसलं तर तोवर बऱ्याच सह्या होऊन गेलेल्या असतात.

आणि जो पंचनामा झाला तो झाला. त्याने तो टाईप केला की नाही, सही केली की नाही, हे तुमच्या पत्रात नाही. केली असेल तर त्याला दोष देऊ नका. पण साक्षीला उभं राहायची वेळ आली तर शपथेवर दुसरं खोटं बोलू नकोस, आणि त्याआधी एखाद्या चांगल्या फौजदारी वकिलाशी बोल, एवढं स्पष्ट सांगा. तुम्ही वकील नाही, त्यामुळे कायद्याचा सल्ला देण्याची जबाबदारी अंगावर घेऊ नका. एकदा फोन आला आणि उत्तर मिळालं नाही, तर अशी मुलं दुसऱ्यांदा फोन करत नाहीत. म्हणून उत्तर अर्धवट असलं तरी आज त्याला परत फोन करा.

आता वर्गाबद्दल. तुमच्या अकॅडमीत सोळाशे मीटरची तयारी कुणी फळ्यावर करून घेत नाही. पहाटे ग्राउंडवर पळवता, पाय दुखतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पळवता. नीतिमत्ता मात्र आपण पूर्ण फळ्यावर शिकवतो आणि ऐनवेळी ती अंगात उतरलेली असेल अशी अपेक्षा धरतो. तीही पळवूनच घ्या. दोन मुलं उभी करा, एक साहेब, एक शिपाई. साहेबाचं काम त्या मागच्या बाकावरच्या मुलाला द्या, तो उत्तम करेल. शिपायाने मान राखून, पाय न धरता, भांडण न करता आपलं वाक्य म्हणायचं. पहिल्या वेळी मुलं हसतील, शिपाई अडखळेल. पुन्हा करून घ्या. मुलींना वेगळा प्रसंग द्या. बलात्काराची तक्रार द्यायला आलेल्या बाईला हवालदार "आधी घरच्यांशी बोलून ये" म्हणतोय, आणि तू बाजूच्या टेबलावर आहेस. तेव्हा १९७२ मध्ये त्या काळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा मथुरा खटला सांगा. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं आणि त्याविरुद्ध १९७९ मध्ये चार कायदाशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन उभं राहिलं, १९८३ मध्ये कायदा बदलला. शिक्षक होते ते चौघेही. हे तुमच्यासाठीही सांगते आहे.

मुलांना एक दिवस कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात घेऊन जा. फौजदारी खटले सहसा खुल्या न्यायालयात चालतात, शांत बसून ऐकणाऱ्याला तिथे मज्जाव नसतो. आधी प्रबंधकांना पत्र द्या म्हणजे गर्दीने कुणाची अडचण होणार नाही. एका पंचाची उलटतपासणी मुलांनी कानांनी ऐकली की तुमची दहा व्याख्यानं वाचतील. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही आपल्या शहरात बसतंय. इथे नोंदवलेल्या एखाद्या गुन्ह्याचा कागद शेवटी किती वर जातो, हे मुलांना आता मुंबईला न जाता बघता येईल. आणि वर्गात भाषण द्यायला मोठा अधिकारी बोलावण्यापेक्षा एखादे निवृत्त हवालदार बोलवा, ज्यांनी तीसेक वर्षं ठाण्यात काढली आणि ज्यांच्याबद्दल गावात आजही चांगलं बोललं जातं. असे लोक कोल्हापुरात आहेत. ते साहेबांना नाही कसं म्हणाले हे विचारा. चुलतभावाच्या तोडीचा साक्षीदार तोच.

ज्यांना पोलीस व्हायचं नाही त्यांना विसरू नका. सरकारी वकील होऊ पाहणाऱ्यांना वाटतं, आपलं काम शिक्षा मिळवून देणं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद खटल्यात स्पष्ट म्हटलंय की कसंही करून शिक्षा मिळवणं हे सरकारी वकिलाचं काम नाही. आरोपीच्या बाजूचा कागद फाइलमध्ये दिसला तर तो लपवायचा नाही. लॅबमध्ये जाणाऱ्याला एखाद्या दिवशी 'रिपोर्ट जरा आमच्या बाजूने' असा फोन येईल. कळंब्याच्या तुरुंगात रक्षक होणाऱ्याला न्यायाधीन बंदी (ज्याचा खटला अजून चालू आहे) आणि शिक्षा झालेला कैदी यांतला फरक रोज आठवावा लागेल. प्रत्येकाचा पहिल्या सहीचा प्रसंग वेगळा. मुलांना तो स्वतः शोधून लिहायला सांगा: तुझ्या खात्यात तुझ्यापुढे पहिला खोटा कागद कुठल्या रूपात येईल? हे लिहायला त्यांना त्या खात्यातल्या कुणाशी तरी बोलावं लागेल, आणि त्या बोलण्यातूनच अर्धं शिक्षण होतं.

राहिले विभागप्रमुख. त्यांच्याशी भांडू नका, त्यांच्या काळजीत तथ्य आहे. शिपाई भरतीच्या शंभर गुणांच्या लेखी परीक्षेत गणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण असतं, नीतिमत्तेचा पेपर नसतो. मुलाला नोकरीच लागली नाही तर तुमचा धडा तो कुठे वापरणार? पण वरच्या परीक्षांकडे बोट दाखवा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा अडीचशे गुणांचा पेपर आहे, आणि राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली असून तिच्यातही तो विषय आलाय. 'मी सर्वप्रथम परिस्थितीचे शांतपणे अवलोकन करेन' या साच्याने सुरू होणारी उत्तरं तपासणाऱ्याला वाचून कंटाळा येतो. ज्या मुलाने पंचनाम्याचा प्रसंग वर्गात उभा राहून केलाय, तो 'पंचांना घटनास्थळी नेईन, प्रत्यक्षातली वेळ नोंदवेन, उशिराचं कारण लिहीन' असं लिहील. त्याला मार्कही जास्त मिळतील. तुमच्या तपासणीत हाच निकष लावा: कुठे, कुणाला, कुठल्या शब्दांत सांगशील? नुसत्या 'प्रामाणिकपणा' या शब्दाला गुण देऊ नका.

म्हणून विषय सोडू नका. अकॅडमीतल्या इतर शिक्षकांनी मला आधीही विचारलंय की आठवड्यात एकच तास मिळतो, त्यात काय होणार. एका तासात ही गोष्ट होते: डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेबद्दल घालून दिलेले नियम मुलांना तोंडपाठ नको, हाताने करायला लावा. अटक पंचनाम्याचा कोरा नमुना वाटा. अर्ध्या वर्गाने आरोपी व्हायचं, अर्ध्याने पोलीस. छातीवर नावाची पट्टी लावली का, अटकेची वेळ लिहिली का, साक्षीदाराची सही घेतली का, घरच्यांना फोन केला का, दवाखान्यात नेलं का. मग बाजू बदला. आरोपी झालेल्या मुलांना शेवटी एवढंच विचारा की त्यांतलं काय राहून गेलं.

तुमची,
सदरलेखिका